डाल्याखालचं लेकरू

हुलसूर, सोमवार, ता. २ डिसेंबर

तुळजे, आज्जीचा हात तुझ्या डोक्यावर हाय असं समज आन मग पुढं वाच.

तुझी गोष्ट म्या वाचली. सगळी. कुणाकडून वाचून घेतली न्हाई, माझी मीच, ओळीखाली बोट धरून. अकरा दिवस लागले. तू तिसरीत होतीस तवा मला पाटीवर अक्षरं गिरवायला बसवायचीस आन चुकले की पट्टी उगारायचीस, त्याची ही करामत. जोडाक्षर आलं की अजून थबकते, पण थबकत थबकत पोचले शेवटाला. तुझी आई म्हणली, "अत्ती, एवढं काय वाचायलाव, डोळे जातील की." म्हणलं, "कमलम्मा, जाऊ दे. कामाला लागून जातील."

कागद मला कुठं सापडले सांगू? ज्वारीच्या कोठीमागं. तुझ्या बापानं वाचले, कोठीमागं भिरकावले आन कोळारला कामावर निघून गेला. शनिवारी गोदामातून घरी आला तरी तेच तोंड. जेवताना म्हणायलाय, "पोरीनं माझ्या आईला चव्हाट्यावर आणून बसवली." म्हणलं, "अरे भीमाशंकर, मी तर चुलीपुढं बसलेय." हसला न्हाई. तू त्याचा फोन उचलेनास, तो तुझं नाव घेईना. दोघं एका मातीचे. म्हणून मी बी फोन करत न्हाई. फोनवर माझा आवाज अख्ख्या गल्लीला जातो, आन मला तुझ्याशी एकटीशी बोलायचंय.

आता गोष्टीचं. लई खूश झाले मी! त्या सतरा वर्षांच्या बाईला तू चालवलीस कशी गं? मेंढरामागं दिवसभर चालून पोटऱ्या दगडागत होतात, ते तुला कुणी सांगितलं? घोड्याच्या पाठीवर अख्खा संसार बांधायचा, भांडी, जातं, कोंबड्या, वरून लेकरं. आन धुक्यात त्या बाईचा हात चुकतो, लेकराच्या जागी ती घोंगडीत गुंडाळलेलं कोकरू बांधती, लेकरू मागं शेतातच राहतं. वाचताना मला घाम फुटला. मलाच! माझीच गोष्ट असून! ते लेकरू म्हणजे तुझा बाप, हे सगळ्या पाव्हण्यांना ठावं हाय. लग्नाकार्यात अजून त्याला "ए कोकरू" म्हणून हाका मारतात. त्यानं त्याला कधी राग आला न्हाई.

राग कशाचा आलाय ते कळतंय मला. ती बाई पळत परत येती, लेकरू जिथल्या तिथं असतं, आन तू लिहिलीस की ती त्याला आधी उचलत न्हाई. आधी पाण्याकडं जाती. ओंजळी ओंजळीनं पोटभर पिती. पाय धुती. मग येऊन लेकरू उचलती. तुझा बाप म्हणतो, माझी आई असली न्हाई. तुझे ते पुण्याचे पुस्तक काढणारे सर म्हणतात, कुठलीच आई असली नसती. दोघांनी एकमेकाचं तोंड बगितलं न्हाई, पण कसे एक झाले बग.

सरांचं बोलणं तू जसंच्या तसं लिहून पाठवलीस ते बरं केलीस. "तुमचं लग्न झालं न्हाई, लेकरू न्हाई, मेंढरामागं एक दिवस चालला न्हाईत. अनुभवाशिवाय लिहिलं की असं खोटं उतरतं. एवढं बदला, न्हाईतर ही गोष्ट पुस्तकातून काढा." संक्रांतीच्या आत कळवायचंय म्हणे. शिकलेला माणूस हाय, रागानं बोलला नसंल.

आन खाली तू मला विचारलीस, आज्जी, खरं सांग, तू आधी काय केलीस?

काय करणार? पळत आले, उचलला तुझ्या बापाला, छातीशी धरला आन रडले. आजवर सगळ्यांना सांगत आलेय तसंच. आज्जीची गोष्ट काय दर साली बदलती काय?

बरं, यंदा तूर बरी हाय. हरभऱ्याला आळी दिसायलीय पण धुळाप्पा म्हणतो जाईल. तुझ्या आईनं तुझ्यासाठी कारळाची चटणी कुटलीय, कुणी बेंगळूरला येणारं सापडलं की धाडते. वेळेवर जेव.

तुझी आज्जी,
म्हाळसाबाई


हुलसूर, गुरुवार, ता. १२ डिसेंबर

तुळजे, माझी माय,

चार ओळीचं पत्र लिहितात व्हय आज्जीला? पाकीट फोडलं तर मला वाटलं उरलेले कागद पोस्टात पडले.

"सर बरोबर हायेत. ती गोष्ट पुस्तकातून काढून टाकते. यापुढं जे मी जगले न्हाई ते लिहिणार न्हाई." एवढंच. दोन दिवस मला भाकर गोड लागली न्हाई. चंपाषष्ठीला खानापूरला मैलार मल्लण्णाच्या पायाशी गेले, भंडारा उधळला, आन देवाला म्हणलं, देवा, माझ्या नातीला कुणीतरी दोरीनं बांधून टाकलंय, जरा गाठ बग. परत येताना जीपमध्ये माझ्या मांडीवर एक अनोळखी बाई अख्खी वाट झोपून आली. तिला बी उठवलं न्हाई. देवाचं काम सांगून आले होते, भांडण कुठं करू?

मग काय लिहिणार गं तू आता? हॉस्टेलचा नळ आन ऑफिसची लिफ्ट? लिही, ते बी लिही. पण तेवढंच?

अनुभव, अनुभव. अनुभवच पाहिजे तर आपल्या धुळाप्पाकडं जा. माझा धाकटा दीर, तुझा चुलत आज्जा. चाळीस वर्षं मेंढरामागं चालला. मांजरा नदी उतरून निलंग्यापर्यंत, इकडं आळंदपर्यंत. विंचू चावला, पुरात वाहत गेला, एकदा तर चार हाताच्या अंतरावर लांडगा. असला अनुभव तुझ्या सरांच्या सात पिढ्यात न्हाई. आता त्याला म्हण, धुळाप्पा आज्जा, लांडग्याचं सांग. काय सांगतो?

"लांडगा आला."

"मग?"

"मग गेला."

"आरं, मधी काय झालं?"

"मधी काय? मग आम्ही भाकर खाल्ली."

झालं. संपला लांडगा. चाळीस वर्षांचा अनुभव आन एवढुशी गोष्ट.

आन नागूबाई तुला आठवते का? आप्पाराव पाटलाची बहीण, आपल्या भिंतीला भिंत लागून घर. तू पाच वर्षांची होतीस तवा गेली ती. लहानपणीच तिचा पाय गेला, जल्मभर ओसरीच्या पुढं पाऊल न्हाई. शेंगा फोडायची आन बोलायची. लांडगा सोड, तिनं मेंढरांचा कळप बी फक्त रस्त्यावरनं जाताना बगितलेला. एकदा तिनं धुळाप्पाचा लांडगा सांगायला घेतला. आम्ही आठ-दहा बाया, आन कोपऱ्यात धुळाप्पा स्वतः, चहाला आलेला. नागूबाई सांगायली, त्या लांडग्याचा एक कान कसा फाटलेला. मेंढरं एकमेकीच्या पोटाखाली डोकी कशी खुपसायली. धुळाप्पाच्या हातातली काठी घामानं कशी निसटायली, आन त्याला वाटायलं, खाली वाकून धरावी तर लांडगा उडी मारंल, न धरावी तर हात मोकळा. आन इथं ती थांबली. शेंग फोडायली.

सगळ्यांच्या आधी कोण बोललं सांग? धुळाप्पा! बशी हातात तशीच धरून म्हणतो, "मग?"

नागूबाई म्हणली, "मुडद्या, मग काय? तूच होतास की तिथं!"

"व्हय, होतो," म्हणला, "पण मला एवढं दिसलं न्हाई."

आम्ही हसून हसून मेलो. पण घरी येताना वाटेत मला हळूच म्हणतो, "वयनी, काठी निसटली होती खरंच. म्या कुणाला सांगितलं न्हाई. हिला कसं कळलं?"

आता तुझ्या सरांना विचार, हे कशात बसतं?

तुझ्या गोष्टीत चुका न्हाईत असं म्हणत न्हाई मी. हायेत. तू लिहिलीस लेकरू टोपलीखाली. टोपली न्हाई गं, डालं. वेताचं, फटी असतात त्याला, कोंबड्या झाकतो ते. लेकरावर पालथं घालायचं म्हणजे मेंढरू तुडवत न्हाई आन वारं बी लागतं. टोपलीखाली लेकरू गुदमरंल की! दुसरं, तू कुत्रं लेकराजवळ राखणीला बसवलीस. आमचं कुत्रं असं बसत न्हाई. मेंढरं निघाली की ते मेंढरामागं जातंय, लेकराचं त्याला काय पडलंय. तिसरं, कोकरू घोड्यावर ओरडलं तरी त्याची आई, मेंढी, वळून बगत न्हाई असं लिहिलीस. वळती. चांगली घोड्याच्या पायात येती. असलं काय अडलं तर मला विचारायचं, मी बसल्या जागी सांगीन. त्याला कशाला चाळीस वर्षं चालायला पाहिजे? एक आज्जी पुरे.

पण ते पाण्याचं बदलू नको.

कामून ते विचारू नको. बदलू नको म्हणलं की बदलू नको. गोष्ट बी काढू नको.

तुझी आज्जी,
म्हाळसाबाई


हुलसूर, शुक्रवार, ता. २० डिसेंबर

तुळजे,

विचारलीसच शेवटी. वकील व्हायला पाहिजे होतीस.

"आज्जी, तूच म्हणलीस आधी उचललं म्हणून. मग माझं पाण्याचं खोटं असून ठेव कामून म्हणतेस? माझं मन राखायला?" असं लिहिलीस. तुझं मन राखायला मी खोटं बोलत न्हाई. मी खोटं बोलले ते पहिल्या पत्रात. आन त्याच्या आधी बावन्न वर्षं.

आता सांगते. कमलम्मा दळण आणायला गेलीय, घरात कुणी न्हाई.

आम्ही एका शेतकऱ्याच्या रानात तीन दिवस मेंढरं बसवली होती, लेंडीखत पडावं म्हणून. त्यानं ज्वारी दिली, आम्ही पुढं निघालो. तांबडं फुटायचं होतं, धुकं असं की घोड्याचं शेपूट दिसंना. माझ्या लग्नाला दीड वर्ष. तुझा बाप चार महिन्यांचा. आदल्या दिवशी एक कोकरू जल्मलेलं, थंडीनं कापायलं म्हणून म्या त्याला बी घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळलं होतं. तुझा बाप बी तसल्याच तुकड्यात, दोघं शेजारशेजारच्या डाल्यांखाली. दोन्ही ऊबदार, दोन्ही हलायलेली. सासू ओरडायली, "म्हाळसा, उरक!" हाताला लागलं ते घोड्यावर बांधलं आन चालायला लागले.

दीड कोस गेल्यावर जाऊबाई म्हणली, "तुझं पोरगं कोकरागत कामून ओरडायलंय?"

तिथून पळाले. ते तू लिहिलीस तसंच. त्यात मला काय दुरुस्त करायचं न्हाई.

रानात पोचले तर डालं तिथंच. धुकं उठलेलं. डाल्याच्या फटीतून तुझ्या बापाचा एक पाय बाहेर आला होता, बोटं हलायली होती. म्हणजे जित्ता होता, चांगला होता. माझ्यापासनं दहा पावलांवर. आन मी तिकडं गेले न्हाई. विहिरीजवळ मोटेचं पाणी पडायचं दगडी थारोळं होतं, तिकडं वळले. वाकून पाणी पिलं. कितीतरी पिलं. तोंड धुतलं. मग तिथंच थारोळ्याच्या काठावर बसले. एक बिडी ओढून व्हायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ. रडू आलं न्हाई. ते हलणारं पाऊल बगत बसले.

मग उठून त्याला घेतलं.

परत गेले तर आमचा सगळा मेंढक्यांचा वाडा थांबलेला, मेंढरं ताटकळलेली. सासू पुढं आली. तिनं विचारायच्या आधीच माझ्या तोंडातून निघालं, "पळत गेले, उचललं, लई रडले." तिनं माझ्या गालावरनं हात फिरवला. जाऊबाईच्या डोळ्यात पाणी. मग तेच घट्ट झालं. तुझ्या आज्जाला तेच सांगितलं, तुझ्या बापाला तेच, तुला मांडीवर घेऊन तेच. सांगून सांगून मला स्वतःला बी कधी कधी वाटायचं, रडलेच असंन.

आन मग तुझे कागद आले. ओळीखाली बोट सरकवत सरकवत मी त्या जागेला आले. "तिनं डालं बगितलं आणि ती पाण्याकडं वळली." तू टोपली लिहिलीस, मी डालं म्हणून वाचलं. बोट तिथंच राहिलं माझं. कमलम्मानं विचारलं, "काय झालं, अत्ती?" म्हणलं, "जोडाक्षर हाय."

पोरी, तिथं कुणी नव्हतं. विहीर, डालं आन मी. तुझा बाप झोपेत. मग तुला कुणी सांगितलं? तुझं लग्न न्हाई, लेकरू न्हाई, मेंढरामागं चालायचं सोड, तू मेंढराच्या वासानं नाकाला रुमाल लावायचीस. आन तरी बरोबर तिथं जाऊन उभी राहिलीस. मी, जिला अनुभव हाय, मी बावन्न वर्षं खोटं सांगितलं. कारण मला लाज होती, सासू होती, पाव्हणे होते. तुला यातलं काहीच नव्हतं. तू नुसती त्या बाईकडं बगत राहिलीस, जोवर ती हलली न्हाई तोवर. मला असं वाटतं. तुमच्या लिहिण्यातलं मला कळत न्हाई, पण दाणा भरला का पोकळ ते कळतं.

एक चुकलं तुझं. म्या पाय धुतले न्हाईत, तोंड धुतलं. पण पायच ठेव. दीड कोस अनवाणी पळून आलेली बाई, पायच चांगलं वाटतं. माझ्यापेक्षा तुझंच बरं हाय.

आन ऐक, हे पत्र सरांना दाखवू नको. मला लाज वाटते म्हणून न्हाई. आज्जीची साक्ष काढून गोष्ट खरी करायची म्हणजे मग पुढच्या गोष्टीला तू कुणाची आज्जी आणशील? त्यांना पटायचं तर लिहिलेलं पटू दे.

तुझ्या बापाला मात्र सांगायला पाहिजे. तो तुझ्यावर रागावलाय ते माझ्या पाण्यावरनं. हे माझं काम हाय, तुझं न्हाई. येळवसला, ह्या अवसेला, सगळे शेतात पूजेला जमतो, तवा सांगते. भ्याव वाटायलंय, लपवत न्हाई. बावन्न वर्षांच्या माणसाला त्याच्या आईनं काय सांगावं, "बाबा, तू मला दिसायलास आन मी आले न्हाई"? पण सांगते.

तुझी आज्जी


हुलसूर, गुरुवार, ता. २ जानेवारी

तुळजे, आधी बस, मग वाच. हसताना पडशील.

येळवस सोमवारी झाली. शेतात कडब्याची कोप उभारली, पाच दगडांना चुना लावून पूजा, भीमाशंकरनं शेताला फेरी मारून आंबील शिंपडली. कमलम्मानं पालेभाज्या-शेंगांची भज्जी अशी केली की धुळाप्पानं चार वेळा मागितली, बाजरीचे उंडे सात. सात! म्या मोजले, दृष्ट लागू नये म्हणून बोलले न्हाई. तुझा घास काढून ठेवला होता, तो कावळ्यानं नेला.

जेवायला बसलो. मी, कमलम्मा, धुळाप्पा, भीमाशंकर. म्हणलं जेवून झालं की माणसं पांगतात, आताच बोलावं.

"भीमाशंकर, बस जरा."

"बसलोयच की, आई."

"तुळजानं ते पाण्याचं लिहिलंय, ते खरं हाय."

त्यानं हातातला उंडा खाली ठेवला. "कुठलं पाण्याचं?" म्हणला, पण त्याला कळलं होतं.

"म्या आधी पाणी पिलं. तोंड धुतलं. बसले. मग तुला उचललं."

कमलम्मानं "अय्यो" म्हणून तोंडाला पदर लावला. भीमाशंकर माझ्याकडं बगायला, बगायला, बगायलाच.

"मग रडले रडले म्हणून कामून सांगायचीस?"

"सासूला भिऊन. मग सवय पडली."

आन तेवढ्यात भज्जी खात खात धुळाप्पा म्हणतो, "मला ठावं होतं."

"काय ठावं होतं?"

"तू परत आलीस तवा तुझं तोंड धुतलेलं होतं, वयनी. केसाला पाण्याचे थेंब होते. रडलेल्या बाईचं तोंड असं नसतंय."

"मेल्या! मग बावन्न वर्षं बोलला कामून न्हाईस?"

"कुणी विचारलंच न्हाई," म्हणला, आन कमलम्मापुढं वाटी केली.

तुझ्या बापाला हसू यावं असं मला वाटलं. आलं न्हाई. तो उठला, बांधावर जाऊन पाठमोरा उभा राहिला. म्हणलं गेलं, पोरगं बी गेलं आन नात बी. कमलम्मानं माझा हात धरला. ती कधी धरत न्हाई.

मग तो परत आला, माझ्यासमोर टेकला आन विचारतो, "मी रडायलो होतो का?"

"न्हाई रे. पाय हलवायलास, पण झोपेत. गाढ झोपला होतास."

त्यानं जरा विचार केला. गोदामात माल आला की ट्रकाकडं बगून करतो, तसा.

"मग झालं की," म्हणला, "झोपलेलं लेकरू कशाला उठवायचं?"

एवढंच बोलला, तुळजे. एवढंच. उंडा उचलला आन खायला लागला. मला मात्र तवा रडू आलं. बावन्न वर्षं सांगत होते ते रडू, आत्ता आलं. कमलम्मा बी रडली, तिला कारण लागत न्हाई. धुळाप्पा म्हणला, "आता काय झालं?"

घरी येताना गाडीवर मागं बसले होते, तर न वळता म्हणतो, "आई, मला वाटलं पोरीनं तुला वाईट केली. सतरा वर्षांची होतीस तू. आपली तुळजा सतराची होती तवा तिला स्वतःची वेणी घालता येत नव्हती." मग थोडं पुढं गेल्यावर, "पण तिला कळलं कसं?" म्हणलं, "मी बी तेच विचारायलेय सगळ्यांना." घरी आल्यावर कोठीमागचे कागद मागितले. म्या ते कवाच ट्रंकेत इस्त्रीच्या लुगड्याखाली ठेवले होते. घेऊन गेला कोळारला. म्हणतो दुपारच्या सुट्टीत नीट वाचतो, आदल्या बारीला रागात वाचलं होतं. लेकराचं नाव तेवढं गोष्टीत भीमा ठेवू नको म्हणला, गोदामात पोरं टपूनच बसलेली असतात. एवढं ऐक त्याचं.

आन जायच्या आधी त्यानं तुला फोन लावला, तवा तुम्ही काय बोललात ते मला सांगितलं न्हाई दोघांनी. अर्धा तास बोलत होतात, म्या घड्याळ बगितलं. फोन ठेवून नाक पुसायलाय. म्हणतो, थंडी लई हाय.

तुझं पत्र बी परवा मिळालं. सरांना कळवलीस म्हणे, गोष्ट पुस्तकात राहील आन पाण्याचं बी राहील, पटत नसंल तर पुस्तक परत द्या. शाबास! माझं पत्र न दाखवता कळवलीस, दुप्पट शाबास. उत्तर आलं न्हाई म्हणून भिऊ नको. ते न्हाई म्हणले तर दुसरे सर असतील, पुण्यात सरांना काय तोटा. डाल्याचं, कुत्र्याचं, मेंढीचं दुरुस्त केलीस ते बरं झालं. नवीन गोष्ट लिहायला घेतलीस ती कशाची हाय ते मला सांगू नको. कुणाच्या घरात तू आता जाऊन उभी राहिलीस ते छापून आल्यावरच बगते. नुसतं एवढं सांग, आपल्या गल्लीतलं कुणी हाय का? मी कुणाला बोलणार न्हाई.

आता तुझा शेवटचा प्रश्न. "आज्जी, एक बिडीभर वेळ तू काठावर बसलीस. ते पाऊल बगताना तुझ्या मनात काय चाललं होतं?"

म्या लई आठवून बगितलं. काल दिवसभर तेच केलं, भाजी करपली. पाणी आठवतंय, किती गार होतं ते. दगड आठवतोय. पावलाची बोटं आठवतायत, सगळी पाच. पण मनात काय होतं ते हाताला लागंना. तिथं मी होते गं, पण माझं लक्ष नव्हतं.

म्हणून ते मी सांगत न्हाई, तू लिही. सरांना घाबरू नको, मला विचारू नको, एक पान लिही, दोन लिही. बाईला तिथं बसव आन तिच्याकडं बगत राहा. झालं की मोठ्या अक्षरात काढून पाठव, चष्म्याचा नंबर वाढलाय.

वाचलं की मला कळंल, त्या दिवशी मी काय विचार करायले होते.

तुझी आज्जी,
म्हाळसाबाई